पळत्या दिव्यांचे फोटो काढायला शिकताना

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर कॅमेरा ठेवून मी बसलो होतो. गस्तीवरचे एक हवालदार जवळ आले. "काय चाललंय?" "साहेब, गाड्यांचे फोटो काढतोय." त्यांनी मागच्या स्क्रीनवर वाकून पाहिलं. लाल-पांढऱ्या रेघांचा पट्टा, मागे इमारती, वर निळं आकाश. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यात गाड्या कुठायत?"

प्रश्न बरोबर होता. त्या फोटोत एकही गाडी नव्हती. कॅमेऱ्याचं शटर दहा सेकंद उघडं होतं आणि तेवढ्यात पन्नासेक गाड्या समोरून गेल्या असतील. पण कुठलीच गाडी एका जागी पुरेशी टिकली नाही, म्हणून तिचं शरीर उमटलं नाही. दिवे मात्र प्रखर असतात. ते जिथून जिथून गेले, तिथे तिथे आपली खूण सोडून गेले. सगळा खेळ एवढाच आहे, आणि तो नीट डोक्यात बसला की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

कॅमेरा कोणता हवा?

महागडा नको. फक्त त्याचं शटर निदान आठ-दहा सेकंद उघडं ठेवता आलं पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी साधी लेन्स) असलेला डीएसएलआर असेल तर उत्तमच. त्यात साधारण ३० सेकंदांपर्यंत जाता येतं. खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांतही बऱ्याचदा मेनूमध्ये कुठेतरी 'लाँग शटर' दडलेलं असतं आणि ते १५ सेकंदांपर्यंत नेतं. घरातल्या कपाटात कुणाच्या तरी लग्नाच्या वेळी घेतलेला असा एखादा कॅमेरा पडलेला असतोच. आधी तो चार्ज करून बघा. मेनूत काहीच सापडलं नाही तर 'आतषबाजी'चा मोड शोधा. त्यात शटर आपोआप जास्त वेळ उघडं राहतं, सुरुवातीला तेही चालेल.

विकतच घ्यायचा तर फोर्टात बोरा बाजाराच्या गल्लीत चक्कर मारा. जुना कॅमेरा घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून पाडून पुढून आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबईच्या दमट हवेत ती फार लवकर धरते. दिव्यांचे फोटो काढताना अशी लेन्स प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय काढते, त्यामुळे स्वस्तात मिळाली तरी नको.

पहिला धडा घरात, उदबत्तीवर

थेट रस्त्यावर जाऊ नका. रात्री जेवणं झाली की एका खोलीतले दिवे घालवा आणि पडदे ओढा. मुंबईत पूर्ण अंधार कधीच होत नाही, समोरच्या बिल्डिंगचा उजेड येतोच, पण चालतं. कॅमेरा स्टुलावर ठेवा, मोड 'एम' म्हणजे मॅन्युअल, शटर १० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ ४ किंवा कॅमेऱ्यात त्याच्या जवळपास जे असेल ते, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) ८००. फ्लॅश बंद. एक उदबत्ती पेटवून तिचं टोक हवेत गोल फिरवा.

फोटोत नारिंगी वर्तुळ येईल. आता हळू फिरवा, रेघ जाड आणि उजळ होईल. भरभर फिरवा, बारीक आणि मंद होईल. एका जागी दोन सेकंद थांबा, तिथे ठिपका येईल. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा ही पाच मिनिटं जास्त शिकवतात. दिवा एका जागी किती वेळ रेंगाळला यावर त्याची खूण ठरते, हे इथे हाताला कळतं.

उदबत्ती जमली की टॉर्चने हवेत नाव लिहून बघा. आयएसओ १००वर आणा, अ‍ॅपर्चर एफ ८. देवनागरीत लिहिण्याची एक गंमत आहे. सवयीप्रमाणे शिरोरेषा शेवटी ओढायला गेलात तर अक्षरं हवेत कुठे होती ते आठवत नाही आणि रेघ अक्षरांच्या पोटातून जाते. म्हणून शिरोरेषा आधी ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना टॉर्चवर तळहात धरायचा, नाहीतर सगळं जोडाक्षर होतं. तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिता, त्यामुळे फोटोत नाव उलटं येईल. उलटं लिहायचा अट्टहास नको, नंतर मोबाइलमध्ये फोटो आडवा उलटवून घ्या.

गणपतीत घरच्या आरतीच्या वेळी हाच प्रयोग केलात तर निरांजनाची गोल गोल रेघ मिळते. खोलीतला मोठा दिवा घालवायची परवानगी मात्र आधी मिळवा. आमच्याकडे ती दुसऱ्या वर्षी मिळाली. आरती म्हणणारी माणसं डोलत असतात, टाळ वाजवत असतात, म्हणून ती पुसट येतात. मूर्ती मात्र हलत नाही, ती ठसठशीत येते. दोन-तीन सेकंद पुरतात. दिवाळीत फुलबाजीवरही असंच करता येतं. सुती कपडे घाला आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. लोखंडी तारेचा काथ्या (स्टील वूल) पेटवून गरगर फिरवायचे व्हिडिओ दिसतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. ठिणग्या लांब उडतात आणि आपल्याकडे मोकळी जागा आहेच कुठे?

कॅमेरा हलता कामा नये

दिवे हलले पाहिजेत, कॅमेरा नाही. दहा सेकंद हातात धरून कुणालाच स्थिर ठेवता येत नाही, प्रयत्नही करू नका.

ट्रायपॉड असेल तर चांगलंच, पण सुरुवातीला मी तांदळाची पिशवी वापरायचो आणि अजूनही वापरतो. जुन्या पायजम्याच्या पायाची पिशवी शिवून त्यात अर्धा-पाऊण किलो तांदूळ भरायचे, गच्च नाही, थोडे सैल. कट्ट्यावर, कठड्यावर, गाडीच्या बॉनेटवर ती ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा रुतवायचा. हवा तसा कोन मिळतो. शिवाय मुंबईत ट्रायपॉड उघडला की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन "शूटिंगची परमिशन आहे का?" विचारतं. पिशवीवरच्या कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही.

बटण दाबण्याच्या धक्क्यानेही फोटो हलतो, म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावायचा. कॅमेरा स्थिर ठेवलेला असताना लेन्सवरचं किंवा मेनूतलं 'स्टॅबिलायझेशन', म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद करायचं. नसलेला हलका धक्का शोधत ते काही कॅमेऱ्यांत स्वतःच हलत राहतं.

आणि गळ्याचा पट्टा. माझ्या पहिल्या संध्याकाळचे जवळजवळ सगळे फोटो हललेले निघाले. टायमर होता, पिशवी होती, सगळं होतं. घरी आल्यावर डोकं खाजवत बसलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा दिसलं की कट्ट्यावरून खाली लोंबणारा पट्टा समुद्राच्या वाऱ्यावर फडफडतोय आणि कॅमेऱ्याला सारखा हिसका देतोय. तेव्हापासून पट्टा गुंडाळून पिशवीखाली दाबतो.

तीन आकडे आणि त्यातली गोम

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे तिघे मिळून फोटो किती उजळ येणार ते ठरवतात, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पळत्या दिव्यांच्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट होते आणि ती नवशिक्यांना कुणी सांगत नाही.

समजा दहा सेकंदांत गाड्यांच्या रेघा फिक्या आल्या. आपण काय करतो? शटर वीस सेकंद करतो. इमारती दुप्पट उजळतात, आकाश पांढुरकं होतं, आणि रेघा? तेवढ्याच फिक्या. कारण गाडीचा दिवा फोटोतल्या कुठल्याही एका बिंदूवरून क्षणभरात निघून जातो. शटर नंतर कितीही वेळ उघडं राहिलं तरी त्या बिंदूवर तो परत येत नाही. उदबत्ती आठवा.

म्हणजे कामाची वाटणी अशी: रेघ किती उजळ, हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. रेघ किती लांब आणि त्या किती, हे शटर ठरवतं. आणि स्थिर असलेल्या सगळ्याचा, म्हणजे इमारती, आकाश, फुटपाथ यांचा उजळपणा तिघे मिळून ठरवतात. रेघा फिक्या असतील तर अ‍ॅपर्चर एफ ११वरून एफ ८वर आणा, रेघा दुप्पट उजळतील. मागच्या इमारती जास्त उजळल्या तर शटर निम्मं करा.

सुरुवात एफ ११, आयएसओ १००, १० सेकंद इथून करा. छोट्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर बहुधा एफ ८च्या पलीकडे जात नाही, मग एफ ८ आणि ५ सेकंद. आयएसओ 'ऑटो'वर राहू देऊ नका. अंधार दिसला की कॅमेरा घाबरून तो १६०० किंवा ३२००वर नेतो आणि सगळा फोटो रवाळ होतो.

किती सेकंद, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. तुमच्या चौकटीत ३०० मीटर रस्ता दिसत असेल, तर त्या वेगाची गाडी या टोकाकडून त्या टोकाकडे जायला ३० सेकंद घेते. शटर १० सेकंदच असेल तर तिची रेघ मध्येच तुटेल. पण एकामागून एक गाड्या असल्या तर तुटलेल्या रेघा एकमेकींत मिसळतात, काही बिघडत नाही. रस्ता मोकळा असेल तेव्हाच हे जाणवतं.

कधी जायचं?

काळ्याकुट्ट आकाशाचा फोटो मला आवडत नाही. इमारतींच्या कडा त्यात हरवतात. सूर्य मावळल्यानंतर आकाश गडद निळं होतं तो वेळ खरा, आणि आपल्याकडे तो फार थोडा असतो. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंशांवर, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली जवळपास सरळ उतरतो आणि संधिप्रकाश पटकन संपतो. हातात वीस-पंचवीस मिनिटं धरा. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास, जून-जुलैत सव्वासातच्या पुढे. सूर्यास्ताआधी अर्धा तास जागेवर पोहोचा, जागा निवडा, एक-दोन चाचणी फोटो काढा. निळाई आल्यावर मेनू शोधत बसलात तर हातात काळं आकाश उरेल.

त्या वीस मिनिटांत आकाश दर काही मिनिटांनी गडद होत जातं, म्हणून शटर ४ सेकंदांपासून सुरू करून हळूहळू वाढवत न्यायचं. अ‍ॅपर्चर आणि आयएसओला हात लावायचा नाही.

पहिली संध्याकाळ मरीन ड्राइव्हवर

शिकायला यापेक्षा सोयीची जागा नाही. रुंद कट्टा आहे, दिवे आहेत, गाड्या अखंड आहेत, वळण घेणारा रस्ता आहे आणि भूक लागली तर शेंगदाणेवाला आहे.

मरीन लाइन्स स्टेशनात उतरून कट्ट्यावर या आणि गिरगाव चौपाटीकडे तोंड करा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून समुद्राच्या बाजूची वाहतूक चौपाटीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर जाते. तिचे मागचे लाल दिवे तुम्हाला दिसतात. पलीकडच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांचे पांढरे दिवे समोरून येतात. जवळ लाल, लांब पांढरे, हे चांगलं जमतं, कारण पांढरे दिवे फार प्रखर असतात आणि जवळ असले तर सगळा फोटो खाऊन टाकतात. नरिमन पॉइंटकडे तोंड केलंत की हे उलटं होतं. शिवाय चौपाटीच्या बाजूला मलबार हिल आहे आणि मावळतीचा उरलासुरला रंग तिकडेच असतो.

कट्ट्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा, पट्टा दाबलेला. रस्ता चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरेल असं बघा. आता फोकस. अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे धडपडत राहतो, म्हणून लांबच्या एखाद्या रस्त्यावरच्या दिव्यावर फोकस घ्या आणि मग लेन्सवरचं फोकसचं बटण 'एम'वर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, ढकला. फोकस तिथेच राहतो, जागा बदलेपर्यंत पुन्हा बघायला नको. छोट्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर डोंगराचं चित्र असलेला मोड निवडा.

मग सिग्नलकडे लक्ष द्या. लाल असताना टायमर दाबू नका, रिकामा रस्ता आणि थांबलेल्या दिव्यांचे गोळे येतील. हिरवा होऊन गाड्यांचा लोंढा चौकटीत शिरायच्या दोन सेकंद आधी दाबा. दहा-बारा वेळा चुकेल, मग अंगवळणी पडेल. बस आली तर सोडू नका. तिचे दिवे उंच असतात, त्यामुळे इतर रेघांच्या वर एक वेगळी रेघ तरंगते. पुढच्या एलईडी पाटीचा नारिंगी पट्टाही येतो, तो सुंदर दिसतो की गोंधळ करतो याबद्दल मी अजून मत बनवलेलं नाही.

प्रत्येक फोटोनंतर स्क्रीन बघालच, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका. अंधारात ती फार उजळ भासते. घरी आल्यावर तोच फोटो काळपट निघतो. हिस्टोग्राम (फोटोत काळं डावीकडे, उजळ उजवीकडे किती आहे ते दाखवणारा आलेख) चालू करून त्याचा डोंगर डावीकडे चिकटलेला नाही ना एवढं पाहा.

नेमकं काय बिघडलं?

फोटो काढल्यावर कॅमेरा 'बिझी' दाखवून अडकला, असं वाटतं. १० सेकंदांचा फोटो झाला की आणखी १० सेकंद काहीच करू देत नाही. तो बिघडलेला नाही. लांब शटरमुळे येणारे रंगीत ठिपके काढण्यासाठी तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा, काळा फोटो काढतो आणि पहिल्यातून वजा करतो. निळाईच्या वीस मिनिटांत हा वेळ परवडत नाही. मेनूत 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' असतं, ते बंद करा.

काही रेघा सलग न येता तुटक, ठिपक्याठिपक्यांच्या येतात. बऱ्याच नव्या गाड्यांचे एलईडी दिवे मंद करण्यासाठी अतिशय वेगाने चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण दिवा पुढे सरकत असल्याने कॅमेऱ्यात प्रत्येक लुकलुक वेगळी उमटते. यावर उपाय नाही आणि मला तरी तो हवाही नाही. कुर्ला-घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानांच्या रेघांवरही असेच लुकलुकत्या दिव्यांचे ठिपके येतात.

रस्त्यावरच्या दिव्यांना चांदणीसारखी टोकं येतात ती छोट्या अ‍ॅपर्चरमुळे. अ‍ॅपर्चरचं भोक बनवणारी पाती सहा असतील तर सहा टोकं, सात असतील तर चौदा. मोह होऊन एफ २२वर जाऊ नका, टोकं वाढतात पण एकूण फोटो मऊ पडतो.

सगळा फोटो पिवळा आला तर व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा पिवळे-निळेपणा ठरवणारी सेटिंग) 'ऑटो'वरून काढून बल्बच्या चिन्हावर न्या. आकाशाची निळाईही त्याने गहिरी होते.

हात बसल्यावर

वांद्र्याच्या किल्ल्यावरून सागरी सेतू दिसतो. २००९ साली सुरू झालेल्या या ५.६ किलोमीटरच्या पुलावर स्वतः मात्र थांबता येत नाही, पादचारी आणि दुचाकींना तर प्रवेशच नाही, त्यामुळे तो बाहेरूनच टिपायचा. अंतर जास्त आहे, गाड्यांच्या रेघा दोऱ्याएवढ्या येतात. तिथे खरी मजा पाण्याची: २०-३० सेकंदांत लाटा धुक्यासारख्या होतात. किल्ला बंद करायच्या वेळेकडे लक्ष ठेवा.

सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर, स्टेशनाकडे बघायला एक सज्जा केलेला आहे. समोरच्या चौकातून गाड्या वळतात, त्यामुळे रेघा सरळ न येता कमानीसारख्या येतात. स्टेशन आणि महापालिका, दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. रात्री त्यांच्यावर झोत असतात, म्हणून इथे शटर मरीन ड्राइव्हपेक्षा कमी लागतं, ४-५ सेकंद.

लोकलचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. प्लॅटफॉर्मवर स्टँड लावू नका. गर्दीला त्रास होतो आणि आरपीएफवाले अडवतात, ते बरोबरच आहे. रुळांवरून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाच्या फुटपाथवरून, कठड्यावर पिशवी ठेवून काढा. पादचारी पूल लोकांच्या पावलांनी थरथरतात, तिथे दोन सेकंदांच्या वर जमत नाही. कुलाब्याच्या नौदलाच्या भागात कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

सप्टेंबरातली माउंट मेरीची जत्रा आणि डिसेंबरातली माहीमची, दोन्हीकडे आकाशपाळणे असतात. इथे जास्त सेकंद म्हणजे जास्त सुंदर हा समज मोडतो. वीस सेकंदांत पाळण्याची नुसती रंगीत थाळी होते. दोन-तीन सेकंदांत आऱ्या दिसतात, फिरणंही दिसतं. गर्दीत एकट्याने जाऊ नका, एकजण कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा दुसऱ्याने पिशवीकडे बघायचं.

पावसाळ्यात पाऊस थांबल्यानंतरचा ओला रस्ता सोडू नका. प्रत्येक रेघेचं खाली प्रतिबिंब येतं. छत्री धरायला सोबत मित्र लागतो, आणि त्याने ती कॅमेऱ्यावर धरायची, स्वतःवर नाही, हे घरून निघतानाच ठरवून घ्या.

एसी टॅक्सीतून किंवा एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढलात तर लेन्सवर वाफ धरते. पुसून उपयोग नाही, परत धरते. बंद पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. समुद्रावरून परत आल्यावर लेन्सवर खारट थर असतोच: आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ कापड किंचित ओलं करून पुसायचं. आणि तांदळाची पिशवी गच्चीत उन्हात टाका, नाहीतर पंधरा दिवसांत त्यात पोरकिडे होतात.